दातांनी ऐकणं

निपाणीच्या चिदानंद मगदूमची गाडी
दोरीनं ओढत आली उद्यमबागेत.
निळी, बुटकी, स्पीडब्रेकरला पोट घासणारी,
आत टर्बो, बापाच्या तंबाखूच्या पैशाचा.
तीन गॅरेजं फिरून झालेली. तिघांचं मत एकच:
बेअरिंग गेलं, इंजिन उतरवा, दीड लाख धरून चाला.

"ऐका तर खरं, मामा. ठोकायलंय की आतून."
मी हसलो.
बावीस वर्षं फाउंड्रीत कास्टिंगं घासली,
उजवा कान तिथंच राहिला,
डाव्यात ग्राइंडरचा एक बारीक धागा तेवढा वाजत असतो.
म्हणून मी दातांनी ऐकतो.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला,
मूठ दाढेखाली.
आवाज जबड्यातून चढतो, कवटीत येऊन बसतो.

चेंबरला लावलं. ब्लॉकला लावलं.
खाली सगळं निवांत, रवंथ करणाऱ्या म्हशीसारखं.
पुढं, पुलीकडं मात्र
टक्.
टक् टक्.
रेस दिली की गप्प,
सोडली की सुरू,
पाहुण्यांसमोर न भांडणाऱ्या घरासारखं.

बंद केली. पुली दोन्ही हातांत धरून हलवली.
हलली. केसभर.
दीड लाखाचा आजार, केसभर.

बसलिंगनं बेल्ट काढला, वॉशर पुसला,
बोट माझ्यापुढं धरलं:
तांबूस पूड, ब्याडगी मिरचीसारखी,
लोखंडानं लोखंडाला खाल्लेली.
आणि ज्या बोल्टला दांड्यावर उभं राहावं लागतं
तो त्यानं चिमटीनं सोडवला.

गेल्या उन्हाळ्यात कुणीतरी टायमिंग बेल्ट बदललेला.
जुनाच बोल्ट, गन लावून ढर्र केलं,
आवाज मोठा म्हणजे घट्ट बसला.
नाव चिदानंद सांगेना. मीही विचारलं नाही.

मग ती निघाली, अर्धचंद्राची चावी.
आमच्यात चावीच म्हणतात, कुलूप नसलं तरी.
अर्धी शाफ्टच्या खाचेत, अर्धी पुलीच्या,
दोघांना एका फेऱ्यात धरून ठेवायचं, एवढंच काम.
एका अंगानं चेपलेली.
शाफ्टची खाचही खाल्लेली, पाऊण मिलिमीटर.

शेजारच्या शेडात सुलभा कडोलकर मिलिंगवर होती.
मायक्रोमीटर डोळ्याशी नेत म्हणाली,
"पायरीची करते. घट्ट किती?"
म्हटलं, अंगठ्याला दाद न देणारी,
पण हातोडीला रडवणार नाही अशी.
दोनशे रुपये घेतले, वर चहा.
बिल मराठीत. बसलिंगनं वहीत उतरवलं कन्नडमध्ये.
आकडा तोच.

चिदानंदला स्पष्ट सांगितलं:
चोर्ल्याच्या घाटात लाल काट्यापर्यंत ओढणार असशील
तर शाफ्ट बदलावाच लागेल, आज नाही तर दिवाळीपर्यंत.
ही चावी तुला पैसे जमवायला वेळ देते, बाकी काही नाही.
तो बूट बघत राहिला.

फ्लायव्हील अडवलं. शाफ्टचं नाक पेट्रोलनं धुतलं.
चावी, पुली, वॉशर, नवा बोल्ट.
टॉर्क रेंच तुटतो तेव्हा कट् वाजतो म्हणे,
माझ्या तळहाताला तो बारीक चिमटा काढतो.
त्यापुढं आणखी चतकोर वळण,
दांडा खांद्यावर घेऊन, श्वास धरून.
पुलीच्या कडेला खडूचा एक ठिपका.

"मार सेल्फ."

चिदानंद माझ्याकडं बघतोय,
मी बसलिंगकडं.
तो मान तिरकी करून बराच वेळ उभा राहिला,
मग म्हणाला, "सप्पळ इल्ल."
तरी मी मूठ दाताखाली घेतली.
लोखंडाची चव, तेलाचा वास,
बाकी कवटी मोकळी.

खाली वाकून बघितलं.
ठिपका दिसेना.
होतं ते एक पांढरं कडं,
न डुलणारं.